नाश्त्याचा अधिभार

काल सकाळी 6 वाजून 40 मिनिटांनी, धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या फाटकाशी, दूधवाला आणि गेली वीस मिनिटे एकच फरशी झाडत असलेल्या समोरच्या काकू यांच्या साक्षीने, रिक्षावाल्या काकांनी मला कळवले की या महिन्यापासून आमच्या धाकट्याचे भाडे 50 रुपयांनी वाढेल. इंधन महागले म्हणून नव्हे, आणि थोरलीचेही नव्हे. फक्त धाकट्याचे, आणि तेही नाश्त्याचे.

सौभाग्यवती नोकरीसाठी शिरपूरला अप-डाऊन करते आणि सहाची बस धरते, त्यामुळे मुलांचा नाश्ता हे खाते माझ्याकडे आहे. सकाळी उठून पोहे करण्याचे दिवस मी पाहिले आहेत. पोहे हा मोठा फसवा पदार्थ आहे. पाच मिनिटांत होतो असे सगळे सांगतात आणि कांदा चिरण्याचा वेळ कोणीच धरत नाही. शिवाय ते आधी करून ठेवता येत नाहीत, तासाभरात त्यांचा भुसा होतो. म्हणून महिन्याभरापूर्वी मी आदल्या दिवशीच्या तयारीचा मार्ग धरला. दर रविवारी किलोभर रवा मंद आचेवर भाजायचा, त्यात मोहरी, कढीपत्ता, उडदाची डाळ आणि सुक्या मिरचीची फोडणी मिसळून तो पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरायचा, आणि सकाळी वाटीभर मिश्रणाला अडीच वाट्या उकळते पाणी घालून झाकण ठेवायचे. सात मिनिटांत उपमा होतो, आणि चांगला होतो. हे मी अभिमानाने सांगतो, कारण घरात हे दुसरे कोणीही सांगत नाही. तिसऱ्या दिवशी थोरलीने ताटलीकडे पाहून ‘आज पण?’ एवढेच विचारले. केळे समोर ठेवावे, तर केळ्यांच्या मुलखात जन्मलेली मुले केळ्याकडे ज्या तुच्छतेने पाहतात तिला तोड नाही.

मग इडली आली. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ आणि चमचाभर मेथ्या भिजवून, वाटून, रात्रभर आंबवायचे, इतका हा सरळ व्यवहार आहे. परंतु आंबणे हे काम पिठातल्या जीवाणूंचे असते आणि त्यांना घड्याळ कळत नाही, हवामान कळते. डिसेंबरात जे पीठ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ढिम्म हलत नाही, ते आमच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात पहाटे चार वाजता पातेल्याबाहेर पडून ओट्यावरून गॅसच्या शेगडीखाली शिरलेले असते. काल तसेच झाले. अर्धा तास ओटा पुसण्यात गेला, इडल्या आंबट झाल्या, धाकट्याने तोंड फिरवले, आणि शेवटी दोन इडल्या व खोबऱ्याची पातळ चटणी डब्यात भरून मी त्याला ‘रिक्षात खा’ म्हणून पिटाळले. हे वाक्य मी गेल्या महिन्यात किती वेळा उच्चारले असेल याचा हिशेब माझ्याकडे नव्हता. काकांकडे होता.

“भाऊ,” काकांनी हँडल सोडून, चष्मा कपाळावर चढवून सुरुवात केली, “तुमना पोऱ्या रिक्षामा नाश्ता करस, सीट मी पुसस. पुसाना काही भाव जोयजे का नई?”

मी विचारले की इतर मुले काय करतात. हा प्रश्न विचारायला नको होता. साठी ओलांडलेला हा गृहस्थ रोज नऊ घरांच्या दारात उभा राहतो आणि नऊ स्वयंपाकघरांची पक्की खबर ठेवतो, हे मला तेव्हा समजले. कोपऱ्यावरच्या घरातली मुलगी घरूनच खाऊन येते, पातोडी असली की हात न धुता येते. बँकवाल्यांचा मुलगा बिस्किटे आणतो, त्याचा चुरा पडतो, पण चुरा झटकला की जातो. एका घरी रात्रीच्या भाकरीचा कुस्करा असतो आणि ते पोर वर्गात सर्वांत पुढे आहे. हे सांगताना काकांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

“मी इडलीना विरोधमा नई,” ते न्यायाधीशाच्या शांतपणे म्हणाले. “पन इडली ओली ऱ्हास, आनि चटणी तेनाथीन ओली.”

मी त्यांना पूर्वतयारीचे तत्त्व समजावून सांगितले. रात्री करून ठेवलेले सकाळी खायचे, म्हणजे वेळ वाचतो, असे मी म्हणालो.

“मंग शियंच म्हना ना,” काका म्हणाले.

समोरच्या काकूंचा झाडू थांबला. महिनाभर रविवार जाळून मी जी व्यवस्था उभी केली होती, तिला एका शब्दात शिळे ठरवून काका पुढे सरकले होते. “मनी माय दशमी बांधी दे. दुधमा मळेल. दोन-दोन दिन टिके, नि सांडे काहीच नई.”

दशमी मलाही ठाऊक आहे. पाण्याचा थेंब न घालता दुधात मळलेली दशमी प्रवासात टिकते, हे खान्देशात कोणाला शिकवावे लागत नाही. पण ती थापायला आणि भाजायला कोणीतरी रात्री उभे राहावे लागते, आणि काकांच्या मायने ते किती वर्षे केले हे काकांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

खरा राग वेगळाच आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवावेत असे परिपत्रक काढले. धाकटा दुसरीत आहे. त्याची शाळा मात्र 7 वाजून 10 मिनिटांनीच भरते, कारण इमारत एक आणि सत्रे दोन आहेत. पालकसभेत मी हात वर केला तेव्हा ‘व्यवस्थापनाच्या अडचणी’ असे उत्तर मिळाले आणि चहा आला. सात वर्षांच्या पोराच्या गळी पावणेसातला काही उतरत नाही, यात माझ्या पिठाचा काय दोष? पण 50 रुपये ना शाळा भरणार, ना शासन.

मी घासाघीस करून पाहिली. चाळीस म्हणालो. काकांनी चष्मा खाली घेतला, मुलाच्या डब्याचे झाकण उघडून चटणीचा वास घेतला, आणि “पन्नास” म्हणाले. जाता जाता मात्र त्यांनी सवलत जाहीर केली: ज्या दिवशी दशमी असेल, त्या दिवसाचा आकार माफ.

संध्याकाळी मी दशम्यांसाठी एक लिटर जास्तीचे दूध आणले. त्याचे साठ रुपये झाले.