बारा फुटी रॉड गोव्याच्या नदीत का चालत नाही

गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, नव्याने लागणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला असा: बारा फुटी जाड रॉड, 6000 आकाराचं रील, 50 पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) घ्या, समुद्र, नदी, मानस (भरतीचं पाणी अडवणारं बांधातलं दार), सगळीकडे चालतं. किनाऱ्यावरून लाटांपलीकडे शंभर ग्रॅम शिसं टाकायचं तर सल्ला बरोबर आहे. पण मांडवीच्या काठी, कुंभारजुव्याच्या कालव्यावर किंवा खाजनाच्या (भरतीपासून राखलेल्या खाडीकाठच्या शेताच्या) बांधावर शेवटे आणि काळुंदरं हे मासे गरवायचे तर यातली प्रत्येक गोष्ट आड येते.

‘लांब रॉड लांब फेकतो.’ रॉड वाकला तरच फेक लांब जाते. मुठीच्या वर छापलेला ग्रॅमचा आकडा वाचा; रॉड किती वजन फेकायला बनवला आहे ते तो सांगतो. 80 ते 150 ग्रॅमच्या रॉडला आमिषाच्या सुंगटासकट (कोळंबीसकट) दहा ग्रॅमचा भार कळतही नाही. मग आपण झटका देतो आणि सुंगट गळावरून निसटतं. वर लांब रॉडला अडवायला खारफुटीच्या फांद्या असतातच. सात-आठ फुटी, 10 ते 30 ग्रॅमचा, टोकाला मऊ रॉड घ्या. त्यावर फ्लोट (तरंगता बोया) चालतो, तळाला पंधरा ग्रॅम शिसं चालतं, छोटा लूरही (खोटं आमिष) चालतो.

‘मोठं रील म्हणजे जास्त ताकद.’ माशाला दमवतो तो ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना तिला धरणारा रीलचा ब्रेक, रीलचा आकार नव्हे. 2500 किंवा 3000 पुरतं. दहा पौंडी म्हणजे साडेचार किलो ताण सोसणाऱ्या दोरीवर ड्रॅग सव्वा किलोच्या आसपास हवा. दुकानातच पाहा: लिटरची भरलेली बाटली दोरीला बांधा, रील उचलून धरा आणि ड्रॅग हळूहळू सैल करा. बाटली संथपणे खाली गेली पाहिजे. थांबून, मग धक्क्याने सुटली तर ते रील परत द्या; नदीवर त्याच धक्क्याला दोरी तुटते.

‘बेअरिंग जितकी जास्त तितकं चांगलं.’ खाऱ्या पाण्यात प्रत्येक साधं बेअरिंग ही गंजायची आणखी एक जागा. दहा साध्यांपेक्षा चार सीलबंद बरी. लाइन रोलर (दोरी ज्यावरून वळते ती रीलची छोटी चाकी) बोटाने फिरवून पाहा. तो अडला की दोरीला पीळ पडतो. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून रीलवर गोडं पाणी हलकेच ओता, वाळलं की ड्रॅग सैल करून ठेवा. पाइपच्या जोरदार धारेने मीठ उलट आत घुसतं.

‘ब्रेडच हवी.’ शेवट्याचं तोंड नाजूक. ब्रेड ताणत नाही, म्हणून गळ ओठ फाडून सुटतो. मानशीच्या दगडांवरच्या कालवांना ताणलेली ब्रेड घासली की तिथेच कापली जाते. सुरुवातीला 0.25 ते 0.28 मिलिमीटर मोनो (एकाच तंतूची नायलॉन दोरी) भरा, स्पूलच्या (दोरी गुंडाळायच्या फिरकीच्या) कडेपासून दोन मिलिमीटर खाली राहील इतकी. भरण्याआधी रॉडच्या प्रत्येक कडीतून कापूस फिरवा. तंतू अडकला तर तिथे चीर आहे, आणि तीच दोरी सोलणार.

चोणक आणि तांबसो हे जोरदार मासे मात्र या रॉडला जड जातात. मानशीच्या तोंडाशी ते दगडांत शिरण्याआधी थोपवावे लागतात. त्यासाठी 4000 चं रील, 20 ते 30 पौंडी ब्रेड, पुढे हातभर जाड मोनो आणि वेगळा, ताठ रॉड.