पटावरची मुले आणि वाचणारी मुले

ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या एका वस्तीत मी संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेते. पाचवीतल्या एका मुलीने पहिल्याच दिवशी पुस्तकातली कविता खणखणीत आवाजात म्हणून दाखवली. तिचे बोट मात्र भलत्याच ओळीवर फिरत होते. कविता तिला पाठ होती. मग मी वहीत साधी चार वाक्ये लिहून दिली, तेव्हा पहिल्याच जोडाक्षरापाशी ती अडली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्या प्रगतिपुस्तकात भाषेपुढे ‘ब-१’ ही चांगली श्रेणी होती. त्या श्रेणीमुळेच तिची अडचण पाच वर्षे कोणाच्या लक्षात आली नाही, याचे मला अतिशय वाईट वाटते.

२००० साली ठरलेल्या जागतिक उद्दिष्टांत शिक्षणाबाबत मुख्य भर मुले शाळेत दाखल होणे आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण करणे यांवर होता. वाचन आणि गणितातले किमान प्रावीण्य मोजण्याचे २०१५च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत मान्य झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी युनेस्कोच्या सांख्यिकी संस्थेने अंदाज मांडला, की जगातली ६१ कोटी ७० लाख मुले हे प्रावीण्य गाठत नाहीत, आणि त्यांतली बहुसंख्य शाळेत जाणारी आहेत.

आपल्याकडे ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाचे कार्यकर्ते २००५ पासून घरी जाऊन मुलांकडून वाचून घेतात. २०२२ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या ४२.८ टक्केच मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. घरी जाण्याचे महत्त्व मोठे आहे, कारण त्यात गैरहजर आणि शाळा सोडलेले मूलही मोजले जाते. पण हे सर्वेक्षण ग्रामीण भागापुरते असल्यामुळे आमची वस्ती त्यात येत नाही. सरकारचे ‘परख’ सर्वेक्षण डिसेंबर २०२४ मध्ये शाळांत झाले. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याहून आईवडिलांबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर आलेले मूल त्या दिवशी गावच्या वर्गात कुठून असणार?

मोजमापाचा धाक शिक्षकांना घातला की आकडे फुगतात, हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून अशा चाचणीचा निकाल कोणाच्या नोकरीतल्या गोपनीय अहवालाला जोडू नये, असे माझे ठाम मत आहे. मात्र ठाणे आणि नवी मुंबईतल्या वस्त्यांत, तसेच भट्ट्यांवरही, दरवर्षी घरोघरी जाऊन अशी वाचन-चाचणी घेतली जावी आणि जे मूल अडले त्याच्या शिकवणीची सोय त्याच महिन्यात व्हावी. त्या मुलीला जोडाक्षरे यायला चार महिने पुरले. पहिलीतच कोणी तपासले असते, तर तेवढेही लागले नसते.