आधी आपला विषय पक्का, मग बाकीचं? ऐरोलीच्या सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती, म्हणून उत्तरही सविस्तर देते. विद्यार्थ्यांनी आपापल्या शाखेबाहेरच्या मुलांबरोबर एखादं काम करावं, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, की ऐरोलीत अभियांत्रिकीला शिकवताना तुम्हाला वेगळंच चित्र दिसतं. मुलांचा स्वतःच्याच विषयाचा पाया कच्चा असतो, केट्या (मागच्या सत्रांतले नापास विषय) राहिलेल्या असतात, अर्धा दिवस लोकलमध्ये जातो. अशा वेळी इतर शाखांच्या मुलांत मिसळायला सांगणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं. शिवाय ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे मुख्य विषयाबाहेरचे निवडीचे पेपर, आहेतच, पण मुलं तीही सोपे मार्क आणि सोयीचा तास बघून निवडतात, असंही तुम्ही म्हणालात.

ओपन इलेक्टिव्हबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात जी रचना आली, तिच्यात ओपन इलेक्टिव्ह आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरूनच घ्यावी लागते. हेतू चांगला आहे. पण मी वाणिज्य शाखेत संख्याशास्त्र शिकवते, आणि माझ्याकडे जे दिसतं ते असं, की विज्ञानाचा एखादा पेपर घेतलेल्या आमच्या मुलांच्या वर्गात सगळी आमचीच मुलं बसलेली असतात. विषय बदलतो, बाकावरचा शेजारी बदलत नाही. त्यांना विज्ञान शाखेतलं एकही माणूस भेटत नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन आणि मानवविज्ञान यांच्या जोडीला आंतरविद्याशाखीय अभ्यास ही चौथी विद्याशाखाच ठेवली आहे. पण मुलांची गाठ घालून देणं हे कायद्याचं काम नव्हे, ते आपलं आहे.

माझा मतभेद आहे तो "आधी स्वतःचा विषय पक्का होऊ दे" या वाक्याशी. माझा अनुभव असा, की इतर शाखांच्या मुलांत बसल्यावरच स्वतःचा विषय पक्का करावा लागतो. ठाणे खाडीवर काही मुलांनी केलेल्या कामाचं उदाहरण थोडं तपशिलात सांगते.

ठाणे खाडीचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. त्याच खाडीच्या पूर्वेला एमआयडीसीचा औद्योगिक पट्टा आणि दोन्ही काठांवर आपली शहरं. ठाण्यातल्या काही मुलांनी खाडीच्या पाण्यातल्या विरघळलेल्या ऑक्सिजनची मोजणी करायला घेतली. सुरुवातीला सगळी मुलं विज्ञानाची होती. पुढे कोळीवाड्यात राहणारा माझा एक बी.कॉम.चा विद्यार्थी आला, त्याच्या ओळखीने लॉची एक मुलगी आली.

ही मोजणी बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत नेऊन करता येत नाही, वाटेत ऑक्सिजन कमी-जास्त होतो. म्हणून काठावरच बाटलीत मँगेनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालून तो बांधून ठेवावा लागतो. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, अजिबात नसेल तर साका पांढराच राहतो. कॉमर्सच्या मुलाने विचारलं, "तपकिरी का?" रसायनशास्त्राच्या मुलीने जर्नलमध्ये हा प्रयोग लिहिलेला होता, सही घेतलेली होती. तिला उत्तर देता येईना. वर्गात हे चाललं असतं, कारण तिथे ते सगळ्यांनाच "माहीत" असतं, म्हणून कोणी विचारत नाही. इथे रसायनशास्त्राची ती एकटीच होती. पुढच्या वेळी ती तयारी करून आली आणि मँगेनीजचं ऑक्सिडीकरण तिने खडूशिवाय, फळ्याशिवाय, चिखलात उभं राहून समजावलं.

कॉमर्सच्या त्या मुलाचंही तेच झालं. मुलांनी निरनिराळ्या दिवशीच्या आकड्यांची एकच सरासरी काढून ठेवली होती. तक्ता बघून हा म्हणाला, "यातली अमावास्येची कुठली आणि अष्टमीची कुठली?" उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, समुद्राचं पाणी आत जोरात शिरतं आणि जोरात परततं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, ते सुस्त असतं, घाण तिथेच रेंगाळते. त्यातही भरतीला घेतलेलं पाणी वेगळं, ओहोटीचं वेगळं. या सगळ्याची एक सरासरी काढून हाती काहीच लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, अष्टमीला साधारण सहा, हा हिशोब त्याने घरी लहानपणी ऐकलेला. पण "मग नोंदी कशा वाटायच्या?" असं बाकीच्यांनी विचारल्यावर त्याला माझ्याकडे येऊन स्तरित नमुना निवड, म्हणजे आधी गट पाडून प्रत्येक गटातून नमुने घेणं, पुन्हा शिकावी लागली. हा धडा मी त्याच्या वर्गात शिकवला होता. तेव्हा त्याने तो पाठ करून पेपरात उतरवला होता.

लॉच्या मुलीला सगळ्यांनी सांगितलं, माहितीच्या अधिकारात विचारून टाक खाडी इतकी खराब का आहे. तिने समजावलं, की २००५ च्या त्या कायद्यात "का" विचारून उपयोग नाही. कार्यालयाच्या दप्तरी जे आहे ते मागता येतं, मत मागता येत नाही. मग कुठल्या जागेच्या, कुठल्या महिन्यांतल्या, कुठल्या घटकाच्या नोंदी हव्यात हे विज्ञानाच्या मुलांनी तिला लिहून दिलं, भरती-ओहोटीची वेळ नोंदवली असल्यास तीही मागायची, हे कॉमर्सच्या मुलाने सुचवलं. दहा रुपयांचा तो अर्ज मी वाचला आहे. त्यात एकही शब्द मोघम नव्हता.

सर, तुमच्या मुलांचा पाया कच्चा असेल तर तो कच्चा आहे हे त्यांना कळायला हवं ना? साठ जणांच्या वर्गात ते झाकलं जातं. हुशार मुलाची असाइनमेंट उतरवता येते, व्हायवाला शेजारी बसलेला तारून नेतो. वेगळ्या शाखांच्या चौघांत तुमचा विषय येणारे तुम्ही एकटेच असता, तिथे उतरवायचं कोणाचं?

तुम्ही असंही लिहिलंत, की सगळीकडे हात घालणारा कुठलाच राहत नाही. मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवले. मूळचे गणितज्ञ. त्यांनी प्राचीन आहत (ठसे मारून बनवलेली) नाणी तराजूत टाकली. नाणं जितकं जास्त चलनात फिरतं तितकं झिजतं, म्हणजे वजनावरून त्याचं वय सांगता येईल, हा त्यांचा विचार. इतिहासाला त्यांनी हे दिलं ते इतिहासकारांची भाषा उचलून नव्हे, तर आपलं संख्याशास्त्र घट्ट धरून. मी मुलांना सांगते तेही एवढंच. आपला विषय सोडू नका, तो घेऊन दुसऱ्याच्या प्रश्नाकडे जा.

आता वेळेचं. हा तुमचा सगळ्यात खरा मुद्दा आहे. ट्रान्स-हार्बरने घणसोलीहून ठाण्याला आणि तिथून गाडी बदलून पुढे जाणाऱ्या मुलीला मी "रविवारी ये" असं सांगू शकत नाही. रविवारी ती शिकवण्या घेते. म्हणून नवा उपक्रम, नवा क्लब, उद्घाटन, टी-शर्ट यातलं काही मला नको आहे. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आहे, समाजसहभागाचे क्रेडिट आहेत, अभियांत्रिकीत मिनी प्रोजेक्ट असतोच. आज प्रत्येक शाखा ते आपापलं करते, आणि खरं सांगायचं तर बरेच प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानात बाइंडिंगला येतात तेव्हाच पहिल्यांदा पूर्ण वाचले जातात. दोन-तीन शाखांनी एकच प्रश्न घ्यावा, नोंदी एकत्र कराव्यात, अहवाल मात्र ज्याने त्याने आपल्या विषयाचा लिहावा. गुणपत्रिका वेगळ्या राहतात, जादा तास लागत नाही.

जागेची अडचण तुमच्याकडे जास्त आहे, हे खरं. ठाण्यात चेंदणी बंदर रोडला विद्या प्रसारक मंडळाच्या एका आवारात कला-वाणिज्य, विज्ञान, विधी, तंत्रनिकेतन आणि व्यवस्थापन अशा संस्था शेजारी शेजारी आहेत. तुमच्याकडे बहुतेक इमारती एकाच शाखेच्या. तिथे शिक्षकांनीच एकमेकांना फोन केल्याशिवाय मुलं भेटणार नाहीत.

म्हणून मीच विचारते. खाडीच्या मुलांना आता बाटल्या घेऊन फिरणं पुरत नाही. पूर्ण भरती-ओहोटीभर दर पंधरा मिनिटांनी नोंद हवी आहे. सेन्सर बाजारात मिळतात, पण गाळ आणि शेवाळ बसून ते लवकर चुकीचं दाखवू लागतात, आणि मुलांना परवडत नाहीत. खाऱ्या पाण्यात टिकेल, हाताने पुसता येईल, नोंद साठवून ठेवेल असं काहीतरी तुमच्या इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलांना जमेल का? केटी राहिलेली मुलंही चालतील. तुमच्याकडे मिनी प्रोजेक्टचे विषय कधी ठरतात तेवढं कळवा, मी त्याआधी या तिघांना घेऊन ऐरोलीला येते.