‘मेद्वेद’मध्ये वेद नाही

रशियन भाषेत अस्वलाला ‘मेद्वेद’ म्हणतात. हा आपला ‘मधुवेद’, म्हणजे मध जाणणारा, आणि म्हणून रशियन ही संस्कृतची लेक, असा मजकूर सर्रास फिरतो. रशियन, पोलिश, चेक या भाषांच्या स्लाव्ह कुळात अस्वलाचे खरे नाव ‘बेर’ होते आणि ते ‘बेर्लोगा’, म्हणजे अस्वलाची गुहा, या शब्दात उरले आहे, असेही त्याच्या जोडीला सांगितले जाते.

यातला मध खरा आहे, वेद मात्र नाही. शब्दाची फोड ‘मेद् + वेद’ अशी नसून ‘मेद्व् + एद’ अशी आहे. आद्य स्लाव्ह, म्हणजे या कुळातील भाषांच्या समान पूर्वज भाषेतील, ‘मेदु’ (मध) या अंगापुढे ‘खाणे’ या अर्थाचा, स्वराने सुरू होणारा धातू आला आणि उकाराचा ‘व्’ झाला. आपण शाळेत शिकलेली यण् संधी ती हीच. हा धातू संस्कृत ‘अद्’चा सगोत्र असून रशियन ‘येदा’ (अन्न) या शब्दात तो आजही जिवंत आहे. ‘जाणणे’ अभिप्रेत असते तर मध्ये जोडस्वर आला असता: भाषातज्ज्ञाला रशियनमध्ये ‘याझिकोवेद’ म्हणतात, त्या चालीवर ‘मेदोवेद’ व्हायला हवे होते. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४व्या सूक्तात ‘मध्वदः सुपर्णाः’ असे शब्द आहेत. ही रचना ‘मेद्वेद’सारखीच आहे, पण तिथे मध खाणारे पक्षी आहेत, अस्वलासाठी ऋग्वेदाचा शब्द ‘ऋक्ष’ हा आहे.

या साम्यावरून रशियन संस्कृतोद्भव ठरत नाही. ‘मधु’मधला पहिला स्वर मुळात ‘ए’ होता. ग्रीक ‘मेथु’ आणि स्लाव्ह ‘मेदु’ यांनी तो राखला, संस्कृतात त्याचा ‘अ’ झाला. जे संस्कृतात उरलेच नाही ते स्लाव्ह भाषांनी संस्कृतातून कसे घ्यावे? दोन्ही शाखांचे मूळ एक आहे, एवढेच यातून निघते, आणि मला ते नाते मायलेकींच्या कल्पित नात्याहून अधिक मोलाचे वाटते.

‘बेर’ हा शब्द अस्वलासाठी कोणत्याही जुन्या स्लाव्ह लेखनात आढळत नाही. ‘बेर्लोगा’तला ‘ए’ही मागाहूनचा आहे, चेक ‘ब्र्लोह’ आणि पोलिश ‘बार्वुग’ यांत तो नाही, आणि पोलिश शब्दाचा अर्थ तर गवताचे अंथरूण असा आहे. ज्याच्या आधारावर ‘बेर’ रचला जातो तो जर्मन ‘बेअर’ हा शब्दही सर्वसाधारण मतानुसार ‘तपकिरी’ या अर्थाचे टोपणनावच आहे.

‘ऋक्ष’, ग्रीक ‘आर्क्तोस’ आणि लॅटिन ‘उर्सुस’ यांचा भाऊबंद स्लाव्हांकडे उरला नाही, कारण नाव घेतले की जनावर येते या भीतीने शिकाऱ्यांनी ते टाळले असावे, असे अभ्यासक मानतात. रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणणाऱ्या आपल्या माणसांना हे निराळे समजवावे लागणार नाही. पुढे ‘मेद्वेद’ हेच अस्वलाचे रूढ नाव झाले, तेव्हा रशियन माणसाने तेही टाळण्यासाठी ‘कोसोलापी’, म्हणजे वाकड्या पंजांचा, असे नवे नाव काढले.