मुगाबे म्हणे फक्त गोऱ्यांना नडला म्हणून बदनाम झाला

रॉबर्ट मुगाबेची ती पोस्ट परत फिरायला लागलीय. झिम्बाब्वेचा हा नेता म्हणे २० वर्षं सगळ्यांचा हिरो होता, २००० साली गोऱ्यांच्या जमिनी घेतल्या आणि रातोरात व्हिलन ठरला, देश सँक्शन्सनी बुडवला, जनता मात्र शेवटपर्यंत त्याच्याच मागे.

जमिनीचा अन्याय खराच होता, आणि माणसाने भोगलंही होतं, दहा वर्षं तुरुंग, १९६६ ला लहानगा मुलगा घानात वारला तर ऱ्होडेशियाच्या (झिम्बाब्वेचं तेव्हाचं नाव) गोऱ्या सरकारने अंत्यविधीलाही सोडलं नाही. ते कोण नाकारतंय?

पण २० वर्षं हिरो? स्वातंत्र्य एप्रिल १९८० चं, आणि १९८३ च्या सुरुवातीलाच याने उत्तर कोरियाकडून ट्रेनिंग मिळालेली फिफ्थ ब्रिगेड ही लष्करी तुकडी देशाच्याच मातबेलेलँड भागात घुसवली. बंडखोर शोधायचे हे निमित्त, खरा राग जोशुआ एन्कोमोच्या पक्षावर, जो स्वातंत्र्यलढ्यात यांच्याच बाजूने होता. मेले कोण, तर तिथल्या गावातले साधे एन्देबेले जमातीचे लोक. आपल्याच माणसांना पुरलं त्या जागेवर गावकऱ्यांना नाचायला आणि मुगाबेच्या पक्षाची गाणी म्हणायला लावलं, १९८४ ला तर ऐन दुष्काळात दक्षिण भागात दुकानं बंद करून धान्य अडवलं. मृतांचा अंदाज २०,००० पर्यंत जातो. आणि बदनामी करणारे गोरे तेव्हा काय करत होते? ब्रिटनने १९९४ ला चक्क मानद नाइटहूड दिला राव, काढून घेतला तो २००८ ला. आपणही १९८९ चा नेहरू पुरस्कार देऊन मोकळे झालो होतो.

सँक्शन्सचं म्हणाल तर अमेरिकेचा कायदा २००१ च्या डिसेंबरचा, युरोपचे निर्बंध २००२ चे. झिम्बाब्वेचा डॉलर कोसळला नोव्हेंबर १९९७ ला, कारण बजेटमध्ये तरतूद नसताना स्वातंत्र्यलढ्यातल्या माजी लढवय्यांना प्रत्येकी ५०,००० झिम्बाब्वे डॉलर कबूल करून बसले, वर १९९८ ला काँगोच्या युद्धात सैन्य पाठवलं. वर्ल्ड बँकेचे हप्तेही कायद्याआधीच थकले होते. मग नोटा छापत छापत २००९ ला १०० ट्रिलियनची नोट, ती तर सगळ्यांनी पाहिलीय.

राहिली जनता. फेब्रुवारी २००० चं नव्या राज्यघटनेवरचं सार्वमत मुगाबे हरला आणि त्यानंतर लगेच शेतांवर कब्जे सुरू झाले, हा क्रम पोस्टवाला सांगतच नाही. मार्च २००८ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत विरोधी नेता त्स्वांगिराई ४७.९ टक्के, मुगाबे ४३.२. निकाल महिनाभर दाबला, मग एवढी मारझोड केली की समोरच्याने दुसऱ्या फेरीतून माघारच घेतली. आणि २०१७ ला त्याच्याच लष्कराने त्याला बाजूला केलं तेव्हा राजधानी हरारेत लोक सैनिकांबरोबर सेल्फी काढत होते.