कॅमेरा आहे, म्हणून पाळणाघर सुरक्षित? नाही

पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय. मोबाईलवर लाइव्ह कॅमेरा दिसतोय, जागा चकाचक आहे, मुलं शांत झोपली आहेत आणि आपलं मूल न रडता आत जातंय, एवढं असलं की पाळणाघर सुरक्षित, निर्धास्त राहा, असं त्यात म्हटलंय. वाचून हायसं वाटतं, पण यातल्या एकाही गोष्टीवर विसंबून मूल ठेवू नये.

कॅमेऱ्यापासून सुरुवात करू. घशात घास पूर्ण अडकला की मूल ओरडत नाही, खोकतही नाही, कारण आवाजच फुटत नाही. प्राणवायू तुटला की साधारण चार मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. त्या चार मिनिटांत तुम्ही नेमके मोबाईलकडे बघत असलात तरी करणार काय? जे करायचं ते शेजारी बसलेल्या ताईंनी. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली ठेवायचं, तळहाताच्या टाचेने दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्यायच्या. मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, आणि घास निघेपर्यंत हेच पुन्हा. बाळ बेशुद्ध पडलं तर लगेच सीपीआर, म्हणजे छातीवर दाब आणि तोंडाने श्वास. चौकशीला जाल तेव्हा एक बाहुली पुढे करा आणि करून दाखवायला सांगा. जिला येतं तिला आठवावं लागत नाही. ‘आम्ही लगेच डॉक्टरांना बोलावतो’ हे उत्तर पुरेसं नाही.

शिवाय कॅमेरा शौचालयात आणि डायपर बदलायच्या जागी नसतो, आणि नसावाच. पण बाळ टेबलावरून पडतं ते तिथेच, भरलेली बादली असते तीही तिथेच. चालायला लागलेलं मूल बादलीत डोकावताना तोंडावर पडलं तर पाच सेंटिमीटर पाणीही जीव घेतं. बादल्या रिकाम्या आणि उपड्या आहेत का, तेवढं बघाच. कॅमेरा असेलच तर रेकॉर्डिंग किती दिवस राहतं आणि प्रत्येक पालकाला वेगळा पासवर्ड आहे का, ते विचारा. सगळ्यांना एकच लिंक म्हणजे तुमच्या मुलाची खोली कुणालाही उघडी.

त्यापेक्षा माणसं मोजा. वर्षाच्या आतल्या तीन, फार तर चार बाळांमागे एक मोठं माणूस हवं. आग लागली तर एक बाई दोन बाळं उचलून बाहेर पळू शकते, बाळं याहून जास्त असली तर बाकीची कोण उचलणार? कागदावरचा आकडा मात्र फसवा असतो, त्यात स्वयंपाकीण, मालकीण, दाराशी बसणारे काका, सगळे धरलेले असतात. म्हणून न सांगता, दुपारच्या जेवणाच्या वेळेला जा. एक ताई भरवतेय, दुसरी डायपर बदलतेय, तिसरी फोनवर आहे, तर उरलेल्या मुलांकडे कोण बघतंय? ‘हात धुवून या, झोपायच्या खोलीत नको’ इतपत अट रास्त आहे. पण पालकांनी न सांगता यायचंच नाही असा नियम असेल, तर पुढचं काही विचारू नका, तिथून निघा.

आता चकाचक जागा. फिनेलचा वास म्हणजे स्वच्छता नव्हे. जुलाब पसरतात हातांवरून. एकदा डायपर बदलताना शेजारी उभं राहा. सामान आधीच हाताशी काढलेलं असावं, एक हात सतत बाळावर असावा. नंतर पृष्ठभाग आधी साबणाने, मग जंतुनाशकाने पुसावा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओलं राहू द्यावं. लगेच कोरडं पुसलं की काम अर्धवट राहतं. ताईंचे आणि बाळाचेही हात साबणाने वीस सेकंद धुवावेत. जुलाबाच्या काही विषाणूंवर सॅनिटायझर नीट चालत नाही. डायपरनंतर हात धुतात त्याच बेसिनमध्ये दुधाच्या बाटल्या धुतल्या जात असतील, तर फरशी कितीही चमकू दे, उपयोग नाही.

त्याच फरशीवर जरा खाली बसून बघा, कारण धोके गुडघ्याखाली असतात. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून आरपार जाणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको. खेळण्यातला बटण सेल स्क्रूने बंद हवा. तो गिळून अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं.

शांत झोपलेल्या मुलांचं तर आणखी नीट बघायला हवं. वर्षाच्या आतलं बाळ दर झोपेला उताणंच ठेवायचं, सपाट, घट्ट गादीवर. उशी नको, सैल दुपटं नको, खेळणंही नको. घरी उताणं झोपणाऱ्या बाळाला पाळणाघरात पालथं घातलं तर अचानक मृत्यूचा धोका खूपच वाढतो. म्हणून ‘पालथं घातल्याशिवाय झोपतच नाही हो’ हे ऐकलं की सावध व्हा. बाळ स्वतःहून दोन्ही बाजूंना वळू लागलं, मग त्याला पुन्हा पुन्हा सरळ करायची गरज नाही. पण ठेवताना उताणंच. खोलीत ओठांचा रंग दिसेल एवढा उजेड आणि एक जागं माणूस हवं. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनी झोप येते, त्यामुळे औषधाचं नाव, किती मिलि आणि केव्हा, हे तुम्ही लिहून दिल्याशिवाय एक थेंबही द्यायचा नाही, हे आधीच ठरवून घ्या.

रडण्यावरून काही ठरत नाही. आठव्या महिन्याच्या आसपास आईबाबांपासून दूर होण्याची भीती सुरू होते, दीडेक वर्षापर्यंत जोरात असते. दारात रडणं हे त्याचंच. कोण कडेवर घेतं आणि किती वेळात शांत होतं, ते बघा. पण रुळलेलं मूल अचानक एका ठरावीक व्यक्तीला बिचकू लागलं, किंवा अजून रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावर वळ दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

संध्याकाळच्या दाराबद्दल तर मेसेजमध्ये अक्षरही नाही. मुलाला कोण नेऊ शकतं याची यादी फोटोसकट लिहून द्या. फोनवरून नाव सांगितलं तरी यादीत नसलेल्याला मूल द्यायचं नाही, असं बजावा. पहिल्याच आठवड्यात यादीत नसलेल्या एखाद्या नातेवाइकाला पाठवून बघा. मूल त्याच्या हाती दिलं गेलं, तर दुसऱ्या दिवशी तिथे पाठवू नका.