रोटाला घाई कळते

कॉलम (मिश्रणातून आपला माल वेगळा काढायची काचेची नळी) संपतो तो नेमका संध्याकाळी, आणि त्या वेळी रोटासमोर, म्हणजे सॉल्व्हंट (द्रावक) उडवून माल मागे ठेवणाऱ्या रोटरी इव्हॅपोरेटरसमोर, तिघं उभे असतात. प्रत्येकाचं काम ‘फक्त पाच मिनिटांचं’ असतं. माझ्या मते रोटावर पाच मिनिटांत हमखास होणारं काम एकच: बम्पिंग, म्हणजे द्रव एकदम उसळून फ्लास्कबाहेर जाणं.

तत्त्व साधं आहे. दाब कमी केला की सॉल्व्हंट कमी तापमानाला उकळतं आणि आरबी (गोल बुडाचा फ्लास्क) फिरत राहिला की काचेवर पातळ थर पसरून वाफ भराभर सुटते. 1950 मध्ये लायमन क्रेग आणि सहकाऱ्यांनी हे उपकरण मांडलं, 1957 मध्ये स्वित्झर्लंडच्या ब्यूखीने ते बाजारात आणलं. फिरणाऱ्या काचेकडे बघत उभं राहण्याला संशोधन म्हणायची सोय तेव्हापासून झाली.

नियम वीस-वीसच्या फरकाचा: बाथ (आरबी तापवणारं गरम पाणी) 60 अंश, वाफ 40, कंडेन्सर (वाफ गार करून पुन्हा द्रव करणारा भाग) 20. यातलं 60 कुणालाही जमतं. 20 जमवायला मे महिन्यात पाणी गार करणारा चिलर लागतो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी कंडेन्सरमध्ये सोडलं, तर वाफ त्याला नमस्कार करून थेट पंपात जाते.

वाफ 40 अंशांवर धरली, तर इथाइल अ‍ॅसिटेटला साधारण 240 मिलीबार लागतात, मिथेनॉलला 337, टोल्युइनला 77. डीएमएफ या उशिरा उकळणाऱ्या सॉल्व्हंटला 11, म्हणजे तिथे व्हॅक्यूम ओढणाऱ्या डायफ्रॅम पंपाचा जीव जातो. हा तक्ता भिंतीवर चिकटवलेला असतो. घात करतं ते मिश्रण. इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये थोडं डीसीएम (सहज उकळणारं डायक्लोरोमिथेन) राहिलेलं असतं, आणि आपण तक्ता पाळून एकदम 240 लावतो. डीसीएमला तेवढा व्हॅक्यूम लागतच नाही. ते उतू जाणाऱ्या दुधासारखं आपण मान वळवायचीच वाट बघत असतं. म्हणून आरबी अर्ध्याच्या वर भरू नये, आधी फिरवावा, मग व्हॅक्यूम हळूहळू वाढवावा, आणि बाथमध्ये सर्वांत शेवटी उतरवावा. एक हात हवा सोडायच्या कॉकवर हवा. मोबाइलला दुसरा हात मोकळा राहतो, पण डोळे राहत नाहीत.

बम्प झालंच तर माल ट्रॅपमध्ये, म्हणजे आरबीच्या वरच्या काचेच्या फुग्यात, सापडतो. त्याच्यासोबत कालच्या माणसाचा पिवळा आणि परवाच्या माणसाचा गुलाबीही सापडतो. ट्रॅप वापरण्याआधी धुवावा, हे सगळ्यांना माहीत असतं, बम्प झाल्यानंतर.

मग ‘व्हॅक्यूमच लागत नाही’ हे प्रकरण. दाबाचा आकडा पाचशे मिलीबारच्या आसपास अडून बसतो. लगेच जॉइंट तपासले जातात, ग्रीस थापलं जातं, सील बदलायची भाषा होते, मागच्या बॅचच्या मुलांचा उद्धार होतो. यातलं काहीही करण्याआधी रिसीव्हर, म्हणजे उडालेलं सॉल्व्हंट जमा होणारा फ्लास्क, बघावा. त्यात आधीच्या माणसाचं डीसीएम हिंदकळत असेल, तर 20 अंशांना त्याचाच बाष्पदाब 470 मिलीबारच्या घरात असतो. ते रिसीव्हरमध्ये उकळत राहतं आणि पंप बिचारा तेच ओढत बसतो. गळती नसते, शेजारधर्माचा अभाव असतो. रिसीव्हर कोरडा करूनही आकडा हलला नाही, तरच सीलकडे वळावं.

उतरवताना क्रम चुकवू नये. बाथमधून वर उचला, फिरणं थांबवा, पंप बंद करा, हवा सोडा. आरबी हातात धरा आणि मगच क्लिप काढा. आधी क्लिप काढणाऱ्याचा माल बाथमध्ये जातो, आणि तीन लिटर पाण्यातून दोनशे मिलिग्रॅम परत मिळवणं हा वेगळाच प्रकल्प होतो. ईथर किंवा टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) असेल, तर पेरॉक्साइडची (त्यात साचणाऱ्या स्फोटक पदार्थाची) चाचणी केल्याशिवाय पार कोरडं करू नये. तो विनोदाचा विषय नाही.

एवढं करून आरबीत चिकट तेल उरतं. वजन घेतलं तर यील्ड (मिळायला हवा त्याच्या किती टक्के माल मिळाला) 112 टक्के. एनएमआरमध्ये (आत काय आहे ते दाखवणाऱ्या आलेखात) 1.26, 2.05 आणि 4.12 ला इथाइल अ‍ॅसिटेट ऐटीत बसलेलं. थोडं क्लोरोफॉर्म घालून दोनदा उडवावं, मग रात्रभर हाय व्हॅक्यूमवर. आणि सकाळी यील्ड 30 टक्क्यांवर आलं, तर मालच उडाऊ होता, म्हणजे सॉल्व्हंटसोबत तोही उडाला. तसा संशय आधीपासून असेल, तर वजन जुळेपर्यंत आपला रिसीव्हर वेस्टच्या डब्यात ओतू नये. बाटलीत काढावा, नाव घालावं आणि बाजूला ठेवावा. कारण रांगेतला पुढचा माणूस तो ओतायला टपलेलाच असतो, आणि शेजारधर्माच्या दृष्टीने त्याचं बरोबरच असतं.